त्रिदळाचा हिरवा उजेड

सातपूरच्या बंद पडलेल्या कारखान्यापुढे दर सोमवारी मुंगी शिरायला जागा नसायची. आतल्या काळोख्या खोलीत एका वेळी चार-पाच जणांना घ्यायचे, दार लावायचे, की समोरच्या लोखंडी पाटीवर बेलाचे त्रिदळ हिरवट उजेडात उमटायचे. बायका हुंदके देत लोटांगण घालायच्या.

"ना तेल, ना बाती!" त्रिदलनाथ महाराज गरजायचे. "बिजलीचं बिलसुद्धा नाही! कैलासाहून डायरेक्ट लाईन आहे, बाई!"

या गर्दीत नवसाबाईचा मान पहिला. कारण कारखान्यांपुढे झाडलोट करताना या खोलीच्या उघड्या दारातून ती तीन पातींच्या खुणेची पाटी तिलाच प्रथम दिसली होती. खाली इंग्रजी अक्षरे होती, ती तिला वाचता येत नव्हती. बेलाचे पान समजून तिने फूल वाहिले. चार लोक जमू लागले, आठवड्यात हे महाराज येऊन बसले आणि त्यानंतर पान उजळू लागले.

महाराज तेजोभस्मही द्यायचे. नवसाबाईची सून मालन गरोदर होती. आधीची दोन पोटातच गेलेली. नवसाबाई रोज दुधात चिमूटभर भस्म कालवायची.

"आत्याबाई, मळमळतं मला. नको ना."

"देवाच्या वस्तूला नाय म्हनू नये," असे म्हणत ती पेला सुनेच्या ओठांना लावायची.

एके दुपारी ती शेजारच्या वत्सलाबाई गांगुर्ड्यांच्या गुडघ्यासाठी भस्माची पुडी घेऊन गेली. वत्सलाबाई शाळेत शास्त्र शिकवायच्या. त्यांनी पुडी हुंगली, मग खिडक्या लावून घोंगडीखाली उघडली. भस्म चमकले. त्यांनी कपाटावरचे जुने गजराचे घड्याळही घोंगडीखाली घेतले.

"इकडे डोकं घाला, नवसाबाई."

घड्याळाचे आकडे आणि काटे तसेच हिरवट दिसत होते.

"या घड्याळात कोणता महादेव बसलाय? आणि त्या कारखान्यात आधी काय चालायचं?"

"घड्याळाच्या तबकड्या रंगवायचे..." बोलता बोलता नवसाबाईने घोंगडीतून डोके बाहेर काढले. "बाई, म्या हे मालनला पाजलंय."

वत्सलाबाईंनी चपला घातल्या. "मालनला उठवा. दवाखान्यात जायचं, आत्ताच्या आत्ता."

डॉक्टरांनी कळवल्यावर मुंबईहून तपासणी करणारे अधिकारी आले. त्यांचे यंत्र पाटीपाशी कटकट वाजू लागले. कारखान्यामागच्या खड्ड्याशी तर थांबेचना. जमलेल्या लोकांना अधिकारी म्हणाले, "हे बेलाचं पान नाही. इथे किरणोत्सारी माल आहे, लांब राहा, अशी ही खूण आहे. कारखाना बंद करताना उरलेला रेडियमचा रंग, डबे, खराब माती सगळं सरकारकडे सोपवून जागा स्वच्छ असल्याचा दाखला घ्यायचा, असा नियम आहे. मालकाने डबे खड्ड्यात लोटले आणि पळाला. आता पावसाचं पाणी त्यावरून नाल्यात जातंय."

महाराजांच्या गोणीत डब्यांतून खरवडलेली पूड आणि चुलीतली राख सापडली. तीच पूड तो रोज पाटीवर बोटांनी चोळायचा. बोटांची सालटी निघालेली होती. "चमकतं एवढंच ठाऊक होतं, साहेब," तो पोलिसांपुढे रडला. "विष आहे हे नव्हतं ठाऊक."

माती उचलून नेली, कुंपण घातले, नाल्यात जाणारे पाणी अडवले. मालनला मुलगी झाली, धडधाकट. पण डॉक्टरांनी सांगितले, "मालनच्या हाडात जे बसलं ते निघणार नाही. वर्षानुवर्षं तपासत राहायचं."

मालन सासूला एका शब्दाने बोलली नाही. तेच नवसाबाईला सोसेना. दर तपासणीला ती सोबत जायची आणि बाहेरच्या बाकावर खाली मान घालून बसायची.

तरीही कुंपणाबाहेर लोक येतच राहिले. "सरकारने देव बाटवला," असे म्हणत हात जोडायचे. एका सोमवारी नवसाबाई त्यांच्यापुढे उभी राहिली.

"देव नव्हताच हितं. मालकानं टाकलेली घाण व्हती, आन तिला देव म्याच केलं," ती म्हणाली. "कायबी चमकलं तर आधी इचारा, हे काय हाय, कुनी टाकलं? शिकलेल्याला इचारा, सरकारला इचारा, दहांदा इचारा. इचारल्यानं देव रागवत नाय. म्या इचारलं नाय, आन माझ्या सुनेनं माझ्या हातचं इख पिलं."