पाचव्या पायाची जागा

मी जेवणाचं टेबल बोलतोय. सात माणसांसाठी केलेलं आणि आता तिसऱ्या मजल्यावरच्या दीड खोलीत एका बाईबरोबर अडकलेलं. गोड बोलायची मला सवय नाही. मी ज्या घरात वाढलो तिथे जेवताना कुणी बोलतच नसे, त्यामुळे पोटात बरंच साठलंय.

एका सुताराने मला त्याच्या अंगणात केलं. माप बाईने दिलं. बाई म्हणजे माझी मालकीण, शाळेची मुख्याध्यापिका. सहा माणसांचं टेबल तिला पुरेना, सातवी जागा हवीच. लांबी वाढली तशी फळी वाकेल म्हणून सुताराने एका बाजूला मधोमध पाचवा पाय ठोकला.

"इथे बसेल त्याचे गुडघे आपटतील, बाई."

"कोण बसेल ते मी बघते. तुम्ही पाय सरळ लावा."

घरात आलो त्याच दिवशी सगळ्यांच्या जागा ठरल्या. एका टोकाला बाई, दुसऱ्या टोकाला तिचे यजमान, उजव्या हाताला मुलगा. चुकून कुणी दुसऱ्याच्या खुर्चीवर बसलं तर बाई ओरडत नसे. नुसती वाढायची थांबे. माणूस उठेपर्यंत ताटात काही पडत नसे. यजमान वारले तरी त्यांची खुर्ची रिकामीच राहिली. नात एकदा तिच्यावर चढून बसली होती, तिला रडत खाली उतरावं लागलं. याला घरात शिस्त म्हणत. मी भीती म्हणतो. मोठी माणसं आपल्या हट्टाला फार चांगली नावं देतात आणि लहानांनी ती पाठ करायची असतात.

पाचव्या पायाची जागा अर्थातच सुनेला मिळाली. ती एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. दिवसभर उभी राहून यायची आणि माझ्यापाशी वाकडी होऊन बसायची. बावीस वर्षं. मुलाला ते कधी दिसलं नाही. तो ताटात बघून जेवतो.

गेल्या वर्षी बाई न्हाणीघरात पडली. घरात दिवसा कुणी नसे, म्हणून म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या या इमारतीत खोली घेतली. भिंतींना धरायला दांडे, उशाशी घंटा, मजल्यावर नर्स आणि जेवण खाली सगळ्यांबरोबर. बाई लगेच तयार झाली. "मला कुणाच्या उपकारात राहायचं नाही," म्हणाली. अट एकच घातली, टेबल बरोबर येणार.

मुलाने खोली मोजली, मला मोजलं नाही. हमालांनी मला कसंबसं आत ढकललं तेव्हा माझी दोन्ही टोकं भिंतींना टेकली. एक लांब बाजू पलंगाला भिडली. बसायला उरली फक्त पाचव्या पायाची बाजू.

"वा," सून म्हणाली, "छान बसलं."

पहिल्या दिवशी ती सासूला जेवायला खाली घेऊन गेली. पाऊण तासाने येतो म्हणाल्या आणि दहा मिनिटांत परत आल्या. काय झालं ते सुनेने इथूनच नवऱ्याला फोनवर सांगितलं. आई खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या. तर टोपीवाले एक गृहस्थ म्हणाले, "ती जागा सरांची आहे."

"कुठे आहेत सर?"

"दवाखान्यात. दोन महिने झाले."

"मग?"

"मग काय? जागा त्यांची आहे."

पलीकडून एक निवृत्त कंडक्टर ओरडले, "बाई, मागे या, मागे भरपूर जागा आहे. उभ्याने प्रवास करू नका." सगळे हसले. तेही चांगल्या मनानेच म्हणाले असतील. पण बाईने भरलेलं ताट तिथेच ठेवलं आणि वर निघून आली. आयुष्यभर दुसऱ्यांना जे केलं ते तिला दोन मिनिटं सोसलं नाही.

तेव्हापासून तिचा डबा वर येतो. ती एकटी माझ्यापाशी बसते, कोपऱ्यावर, अंग चोरून. संध्याकाळी मुलाचा फोन येतो. "हो, खालीच जेवले. बरी आहेत माणसं," ती सांगते. तोही लगेच मानतो. त्याला मानायचंच असतं.

परवाच्या रविवारी सून आली. धुऊन ठेवलेले डबे तिने पाहिले आणि मोजले. दोघींना पुरेल एवढं अन्न आणलं होतं. तिने कोपरा धरला, म्हणून बाईला मधे बसावं लागलं. बसली आणि गुडघा आपटला. पुन्हा सरकली, पुन्हा आपटला.

"इथे पाय ठेवायचे कुठे गं?"

"तिरके ठेवायचे, आई. डावीकडे."

बाईने पाय तिरके केले. दोन घास खाल्ले.

"कंबर दुखते अशाने."

"हो," सून म्हणाली. "दुखते."

माफी वगैरे कुणी मागितली नाही. तशी वाट बघू नका. जेवण झाल्यावर सून म्हणाली, "उद्यापासून खाली जा. मी वर्षभर डबे मोजायला येणार नाही."

"मला बोलावलंय का कुणी?"

सुनेने चपला घातल्या. दारात बाईने विचारलं, "पुढच्या रविवारी येशील?" एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच विचारत होती, सांगत नव्हती.

"बघते," सून म्हणाली. मला तिचं काही चुकलं असं वाटत नाही.

आता नर्सने फर्मान काढलंय. टेबलामुळे वाट अडते, बाई पुन्हा पडेल, शनिवारी टेबल हलवा. बाई भांडली नाही. मला कुठे नेतील ठाऊक नाही. माझं काय, लाकूड आहे, कुणी तरी काही तरी ठेवेल माझ्यावर. पण मी गेलो की तिला एकटीने जेवायलाही बस म्हणणारं इथे काही उरत नाही.

आज साडेबाराला खाली घंटा झाली. बाईने केस विंचरले, लुगड्याचा पदर नीट केला, दारापर्यंत गेली. कडीला हात लावून उभी राहिली. मग डबेवाला आला, त्याच्या हातून डबा घेतला आणि परत फिरली.

खाली जेवणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कुणी तरी तिसऱ्या मजल्यावर या. दार वाजवा आणि चला म्हणा. ती तुमच्या बसण्यात, बोलण्यात, चावण्यात चुका काढील. तुम्हाला ती आवडणार नाही. मलाही फारशी आवडली नाही कधी. तरी बोलवा. तिला सगळं येतं, फक्त मागता येत नाही.