सुळ्यांच्या आतला माणूस

फाल्गुन उतरला होता. डोंगरावरचं ऊन पिकून तांबूस झालं होतं. सागाच्या वाळल्या पानांतून वारा निघाला की सारं रान पाय ओढत चालल्यासारखं वाजे. तांबूस ऊन, तांबूस धूळ, तांबूस आभाळ. आणि त्या तांबूसपणात रावजी भोये आपल्या अंगणात उभा, भिंतीकडे पाहत.

भिंतीवर त्याच्या सात वर्षांच्या नातीनं, हौशीनं, गेरूनं आणि काजळीनं चित्र काढलं होतं. शिंगांचा, आगडोळ्यांचा, भिंतभर असुर. त्याचा जबडा दरीसारखा उघडा. आणि त्या जबड्यात, सुळ्यांच्या आत, तांदळाएवढा एक माणूस.

बोहाड्याच्या उत्सवात गावातलं एकेक घर एकेका देवाचं, दैत्याचं सोंग नाचवी. म्हैसासुराचं सोंग रावजीच्या घराचं. बापानं उतरवावं, लेकानं चढवावं, असा रिवाज. चाळीस वर्षं रावजी नाचला. लाकडाचा तो मुखवटा, काळा, ढगासारखा, सालागणिक जड होत गेला. आता छातीत श्वास मावत नव्हता. लेक वापीच्या कारखान्यात; त्यानं येणार नाही म्हणून कळवलं होतं. सोंग घ्यायला घरात दुसरा गडी नव्हता.

सोंग घेऊन जायला धाकलू पाटील चार माणसांसह आला, तेव्हा रावजी हात जोडून म्हणाला, "यंदा मला सोडा."

पाटलाची नजर भिंतीवर थबकली.

"हे कोणी काढलं?"

"पोरीनं."

"पोरीनं नाय, देवानं काढून घेतलं तिच्याकडून. असुर कोपलाय, रावजी. माणूस गिळतोय बघ. सोंग सोडशील तर तुझं घर गिळील."

"माझा दम तरी बघा, पाटील. दोन पावलांत धाप लागते."

"मुखवटा चढला की कुठं जाते रे धाप? मागल्या साली पोरांना पळवून पळवून रडवलंस, म्हाताऱ्या!"

सारे हसले. हसता हसताच त्यांनी चित्रापुढे नारळ फोडला. नारळाचं पाणी मातीत मुरलं. रावजीचा नकारही मुरला.

मग घुंगरू आले, कमरपट्टा आला, मुखवटा आला. मानेमागे गाठी आवळल्या गेल्या, एकीवर एक, एकीवर एक. हौशी जवळ आली. तिनं त्याचं धोतर ओढलं.

"आजा, ते चुकीचं सांगतात. तो कोणाला खात नाय."

"मग काय करतो गं?" लाकडाआडून आवाज आला.

"तोंड उघडं धरून बसलाय. कधीचा. जबडा दुखतो त्याचा. तूच बाहेर येत नाहीस."

आत काळोख होता. जुन्या घामाचा वास होता. रावजीचा हात मानेमागे गेला. बोटांना गाठ सापडली. तेवढ्यात सांबळावर काठी पडली.

पाय उचलले गेले. उजवा, मग डावा. चाळीस वर्षांचे पाय, मालकाला न विचारणारे पाय. हात गाठीवरून निसटला. अंगणाभोवती जमलेल्या बायकांनी लेकरं पोटाशी धरली, गर्दी मागे मागे सरली. आणि मोकळ्या झालेल्या धुळीत एकटी हौशी उभी राहिली, दोन्ही हात पुढे पसरून, आतून उडी टाकणाऱ्याला झेलावं तशी.