पूतनेची मांडी

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे, आणि तोही पूतनेचा. तीच ती, जी सुंदर बाईचं रूप घेऊन गोकुळात शिरली आणि विषारी दूध पाजून बाळकृष्णाला मारायला निघाली. बटबटीत डोळे, कानापर्यंत फाटलेलं तोंड आणि त्यातून बाहेर आलेले सुळे. असं रूप घेऊन कुणापुढे यायची लाज वाटते. नजर खाली घालावी म्हटलं, तर डोळेही रंगवलेले. तेव्हा तुम्हीच समजून घ्या.

माझा जन्म कामरगावचा. रामकिसन नावाच्या कारागिरानं मडक्यावर रद्दी कागदाचा लगदा थापला, कीड लागू नये म्हणून त्यात मेथीची पूड घातली, वरून जुन्या धोतराचा तुकडा चिकटवला आणि मला उन्हात वाळवलं. रंग देताना सुळ्यांवर तो फारच खूश झाला. "पोट्टे रातभर झोपले नाही पाह्यजे," असं म्हणून त्यानं माझं तोंड लालभडक करून टाकलं. पण तोंड नुसतं रंगवलेलं. घालणाऱ्याला श्वास घ्यायला मधे एक बोट जाईल एवढीच फट. ही फट लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढचं सगळं तिच्यापायी घडलं.

जवळच्याच एका लहान गावानं मला नेलं. तिथं गोपाळकाल्याला सोंगं निघत, आणि मला घाली जगदेव. वांगी, मेथी, कोथिंबीर पिकवणारा हा माणूस इतका मऊ बोले की बाजारात त्याला भाव दोनदा विचारावा लागे. मात्र मला तोंडावर चढवलं की तोच जगदेव असा नाचे की धीट पोरंही आईच्या पदराआड जात. बाया मला शिव्या घालत, कुणी कुणी चप्पलही भिरकावी. सोंगाला याहून मोठी शाबासकी नसते.

पण त्या गावची खरी गंमत सोंग संपल्यावर होती. कृष्णानं पूतनेला मारलं की जगदेव मुखवट्यासकट उठून निंबाखाली मांडी घालून बसे, आणि गावातल्या नव्या आया आपापली तान्ही लेकरं त्याच्या मांडीवर आणून ठेवत. हो, पूतनेच्या मांडीवर! परगावचे पाहुणे तोंडात बोट घालत. मग गावातली जाणती म्हातारी प्रयागबाई त्यांना सांगे, "अवं, किस्नानं तिचं सारं जहर पेलं. आता तिच्यात निरं दूधच राह्यलं. तिच्या मांडीवरच्या लेकराले कोनाची नजर लागत नाही." एक नियम तेवढा कडक होता. आजारी लेकरू आणायचं नाही, त्याला दवाखान्यात न्यायचं. हा नियमही प्रयागबाईचाच.

ती लेकरं माझ्या सुळ्यांकडे हात करून खुदकन हसत. मला तेव्हा वाटे, जगात माझ्याएवढं भाग्यवान वाईट तोंड दुसरं नसेल.

मग एका काल्याला प्रयागबाईची नवी सून उज्ज्वला आपली पहिली लेक घेऊन आली. सुचिता तिचं नाव. लेकरू मांडीवर आलं आणि जगदेवचे हात थबकले. मी वरून पाहत होतो. पोरीचे गाल लाल, श्वास भराभर चाललेला. जगदेव फटीतून हळूच म्हणाला, "बाई, पोरीचं आंग तापलं हाय. आताच्या आता दवाखान्यात ने."

उज्ज्वलाचं तोंड उतरलं. तिनं मागं सासूकडे पाहिलं. प्रयागबाई बायांमध्ये नातीचं कौतुक सांगत होती. "उन्हानं असंन, काकाजी," असं पुटपुटून उज्ज्वलानं लेकरू उचललं. भोवती ढोल वाजत होते. जगदेवचे ते शब्द उज्ज्वलाशिवाय कुणाच्या कानी पडले नाहीत.

संध्याकाळी सुचिताला झटके आले. कारंज्याच्या दवाखान्यात पोर वाचली, पण गावात बोलणं पसरलं ते पसरलंच. "धडधाकट लेकरू ठेवलं होतं मांडीवर," प्रयागबाई दारोदार सांगत होती, "अन् सांजच्याले फिट आली." उज्ज्वला खाली मान घालून ऐके. बोले काही नाही.

त्यानंतर बाजारात जगदेवच्या वांग्यांना बाया हात लावीनाशा झाल्या. एका बारशाला तो गेला, तर बाळाच्या आईनं पाळण्यावर झटकन पदर ओढला. तो दारातूनच परत फिरला. त्या दिवशी मळ्यातल्या खोपीत मला खुंटीला टांगताना तो म्हणाला, "तूनं आयकलं होतं नं मी काय म्हनलो ते? मंग झालं. आता सांगतलं तं उज्ज्वलाले घरात कोनी सुखानं जगू देईन का?" आणि त्यानं माझं तोंड भिंतीकडे फिरवलं.

मित्रांनो, माझं तोंड दिसायला कानापर्यंत उघडं. उज्ज्वला सोडली तर सगळं ऐकलेला मीच एक. पण एक शब्द बोलता येईल तर शपथ! त्या भिंतीकडे पाहत मी वर्षं काढली ती शरमेनं. माझ्या तोंडाची बदनामी एका भल्या माणसाच्या कपाळी बसली होती. गावात सोंगं बंद पडली, ती निंबाखालची मांडीही मोडली. पुढे वांग्यांत माकडं येऊ लागली तेव्हा जगदेवनं मला काठीवर उभं केलं. माकडं दोन दिवस घाबरली, तिसऱ्या दिवशी एक माझ्याच डोक्यावर बसून वांगं खात होतं. एवढं झालं तरी पाऊस आला की जगदेव धावत येई आणि खताची पिशवी माझ्यावर घाली.

यंदा गावच्या शाळेत त्रिशला मॅडम आल्या. त्या कारंज्याच्या, जैन घरातल्या, रोज एसटीनं ये-जा करणाऱ्या. दसऱ्याच्या आधी त्यांनी पोरांना काम दिलं. गोष्टींतल्या ज्या दुष्टाला कधीच माफी देता येणार नाही, असा एक निवडा. यंदा त्यालाच जाळू.

पोरांनी मोठ्या हौसेनं कोर्ट भरवलं. पहिला रावण. त्यावर मॅडम म्हणाल्या, "आमच्या जैनांच्या कथेत तर रावण पुढच्या एका जन्मी तीर्थंकर होणार आहे." पोरं आ वासून बसली. मग त्यांनी कमठाची गोष्ट सांगितली. त्यानं पार्श्वनाथांचा जन्मोजन्मी छळ केला आणि शेवटी लाजून त्यांच्याच पायाशी हात जोडले. झालं, रावण सुटला. "कैकयी मांगून रडली होती नं, मॅडम," एक पोरगी म्हणाली, तशी कैकयीही सुटली. शकुनीच्या घरच्यांना उपाशी मारलं होतं म्हणून शकुनीला अर्धी माफी मिळाली. जाळायला कुणी उरतं की नाही अशी पंचाईत झाली, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "पुतना! तान्ही लेकरं मारे ते. आपल्या सुचितालेही मारत होती!"

पूतनेची बाजू घ्यायला एकही हात वर झाला नाही. पोरं धावत मळ्यात आली. जगदेवनं काठीवरून मला स्वतःच उतरवलं, सदऱ्यानं पुसलं आणि त्यांच्या हाती दिलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी शाळेच्या मैदानात पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, ढीग रचून त्यावर मला ठेवलं. सारा गाव जमला होता. लोक एकमेकांना आपट्याचं सोनं देत होते. जगदेव कडेला उभा होता, आणि त्याचे हात रिकामे होते. काडी लावायचा मान सुचिताला दिला, कारण पूतनेच्या मांडीवरून वाचलेली तीच.

आता ती चांगली पाचवीत गेलेली. काडीपेटी हातात घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली आणि तिथंच अडली.

"मॅडम, कैकयीले लाज वाटली म्हून आपन तिले सोडलं. हिले वाटली का नाही, ते तं कोनी पुसलंच नाही."

"खरं आहे, बाळा," त्रिशला मॅडम म्हणाल्या. "हे माझ्याही डोक्यात आलं नाही."

सुचिता सरळ जगदेवकडे गेली. "आबा, तुमी होते नं पुतना. तुमाले मालूम असंन."

जगदेवनं तिच्याकडे पाहिलं. निंबाखालच्या त्या दिवसानंतर ती एवढ्या जवळ पहिल्यांदाच आली होती. "जाळ वो माय," तो म्हणाला. "कागदच हाय तो."

"थांब, सुचिता."

उज्ज्वला गर्दीतून पुढं आली होती. "पोरगी सकाळपासूनच तापेल होती," ती म्हणाली. "आत्याबाई पहिल्या नातीचं एवढं कौतुक करून राह्यल्या होत्या, मले नाही म्हनता आलं नाही. वाटलं, मांडीवर ठेवलं तं ताप उतरंन. काकाजीनं मले तथीच सांगतलं होतं, दवाखान्यात ने म्हून. म्या नाही आयकलं. अन् मंग तोंड उघडाची हिंमत झाली नाही."

प्रयागबाईच्या हातातलं सोनं खाली सांडलं. ज्या बायांनी वांग्यांकडे पाठ फिरवली होती त्या पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागल्या. शरम अशी उभ्या गावाला आलेली मी तेव्हाच पाहिली. मागून एक पोरगं हळूच म्हणालं, "म्हंजे खरी पुतना तं सुचिताची माय..."

"ए!"

हा आवाज जगदेवचा होता. एवढा मोठा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. "खबरदार तिले कोनी पुतना म्हनलं तं! एक पुतना बनवून पाह्यली नं आपन? काय भेटलं? आता दुसरी नोका बनवू."

सुचिता आईकडे पाहत राहिली, मग तिनं काडीपेटी मॅडमच्या हातात ठेवली. प्रयागबाई वाकली, तिनं मातीतली आपट्याची पानं वेचली आणि जगदेवपुढं धरली. तिची मान काही वर झाली नाही. जगदेवनं पानं घेतली आणि वयानं मोठी म्हणून तो तिच्या पाया पडला, तशी ती म्हातारी हुंदके देऊन रडली. त्या दसऱ्याला आमच्या गावात काहीच जळलं नाही. पऱ्हाट्या दुसऱ्या दिवशी चुलींना गेल्या.

आता मी शाळेच्या कपाटात असतो. उज्ज्वलानं खळ लावून माझा माकडानं मोडलेला सुळा चिकटवला. पुढच्या काल्याला मला पुन्हा तोंडावर चढवायला जगदेव तयार झाला आहे, पण एका अटीवर. परवा तो शाळेत आला आणि सुचिताला म्हणाला, "याचं तोंड जरा मोठं काप. आतला मानूस काय म्हनते, ते बाहीर आयकू आलं पाह्यजे."

सुचितानं कात्रीनं माझी फट कापली. रामकिसननं एवढ्या हौसेनं काढलेले लाल ओठ गेले, आणि मी आधीपेक्षाही भेसूर दिसतो. मित्रांनो, मला ओल लागू देऊ नका, वाळवीपासून जपा, एवढं तर मागतोच. पण कुणाला ढिगावर ठेवून काडी ओढण्याआधी माझ्या तोंडापाशी कान आणा. आतून कुणीतरी हळू आवाजात म्हणत असेल, पोरीचं अंग तापलंय, तिला दवाखान्यात ने.