हिरवं झाकण

शाजिंगच्या त्या कारखान्यात वाफेच्या सिगारेटींत घालायचा साय-आंब्याच्या चवीचा अर्क दोन तऱ्हेच्या पिंपांत भरत. लोण्याचा वास आणणारं रसायन ज्या देशांना ओढायच्या वाफेत अजिबात चालत नाही, त्यांच्यासाठी लाल झाकण. खाण्यात चालतं तर ओढण्यातही चालेल, असं म्हणणाऱ्यांसाठी हिरवं. हिरव्यात ते सढळ हातानं पडे आणि चव खरी त्यातच उतरे. स्वतःच्या देशात असला गोड स्वाद विकायला बंदीच होती.

दोन्ही पिंपं चाखायचं काम वेन बोताओ यांचं. प्रत्येक घाण्याचा पहिला झुरका त्यांचा, मग अळणी पेजेनं चूळ. चाखणाऱ्यासाठी मर्यादा कुठल्याच देशानं घातली नव्हती. शेवटच्या वर्षी जिना चढताना ते मध्येच थांबत. डॉक्टरांनी नक्की कारण सांगितलं नाही. त्यांची मुलगी शुआंग त्याच कारखान्यात रसायनं तपासायची. पुराव्यावाचून बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून तीही काही बोलली नाही. फक्त ते गेल्यापासून हिरव्या झाकणांच्या मालाला तिनं होकार दिला नव्हता. तिच्या होकाराशिवाय माल बंदरावर जात नसे.

मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला मालक त्सेन काका घरी आले.

"पोरी, पिंपं उन्हात तापतायत."

"सावलीत हलवा."

"बापावर गेलीस अगदी. तोही असंच तोंडावर बोलायचा. उद्या जहाज आहे, तू नाही म्हणालीस तर दुसरा तपासनीस बघावा लागेल मला."

"बघा."

फोटोपुढे वाफवलेली कालवं, भात आणि दारूचे पेले मांडले होते. गेलेल्याच्या आवडीची सिगारेट पेटवून उदबत्तीच्या राखेत खोचायची रीत. त्सेन काकांनी खिशातून वाफेची नळी काढली.

"सिगारेट त्याला कधी गोड लागली नाही. ही त्याचीच चव, हिरव्यातली, अस्सल." त्यांनी ती राखेत उभी केली आणि हात जोडले.

काहीच झालं नाही.

"ही अशी पेटत नाही, काका," शुआंग म्हणाली. "कुणीतरी ओढावी लागते."

"मग ओढ ना."

"तुम्ही त्यांचे थोरले भाऊ म्हणवता. मान तुमचा."

काकांनी नळी उचलली, राख पुसली, ओठांपर्यंत नेली. तिथे हात थांबला.

"लाल झाकणातली असेल ना घरात?" ते म्हणाले. "नाही, छातीचं जरा... या वयात उगाच कशाला."

बोलून झाल्यावर ते फोटोकडे बघत राहिले. शुआंगनं बाबांच्या खणातून लाल खुणेची नळी आणून दिली. त्यांनी एक झुरका घेतला, फोटोच्या दिशेनं सोडला. वाफ काचेवर क्षणभर बसली आणि गेली.

"हिरवा माल परत फिरवा," ती म्हणाली. "सगळा लाल मर्यादेनं नव्यानं करू. तो मी सोडेन."

"गिऱ्हाईक म्हणेल, चव गेली."

"सांगा, चाखणारा गेला."

त्सेन काकांनी मान हलवली. होकार होता की नुसतीच, कळलं नाही. मग त्यांनी फोन काढला आणि उद्या बंदरावर जायच्या गाड्या नकोत म्हणून सांगितलं. कालवं गार झाली होती. तरी त्यांनी दोन खाल्ली.