दोन काउंटर, एक नंबर

"काका, मी चुकीचा नंबर टाकला नाही." काउंटरवरच्या बाई दारातच उभ्या होत्या. "तुम्ही मात्र तसं लिहून दिलंत."

लिहून मीच दिलं होतं; केंद्राची संगणक सिस्टीम मीच लिहिली आणि मीच सांभाळतो. सोमवारी आमच्या तपासणी केंद्रात एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या हातात दुसऱ्याच कुणाचा कॅन्सरचा रिपोर्ट पडला. ते तिथेच फरशीवर बसले. साहेबांनी विचारलं तेव्हा मी लॉग उघडला, म्हणजे कोणत्या काउंटरवरून काय मागितलं याची सिस्टीमने ठेवलेली नोंद. बाईंच्या काउंटरसमोर चुकीचा नंबर होता. एरवी दाराचं कुलूप तीनदा ओढून पाहणारा मी त्या दिवशी मात्र निश्चिंत झालो. आज चार वाजता बाईंना कामावरून काढल्याचं पत्र निघणार होतं.

"मी वीस वेळा करून पाहिलं हो," मी म्हणालो. "दर वेळी बरोबर रिपोर्ट येतो."

"एकट्यानेच केलंत ना? सोमवारी गर्दी असते, दोन्ही काउंटर चालू असतात. इथे तुम्ही निवांत बसून बटण दाबणार, मग कशाला बिघडेल ते?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "बसता का जरा?" एवढं विचारायलाही मला वेळ लागला. शेजारचा संगणक मी त्यांना चालू करून दिला आणि आम्ही दोघांनी दोन वेगळ्या रुग्णांचे नंबर टाकले. "तीन म्हटलं की दाबायचं."

"फोटो काढल्यासारखं," त्या म्हणाल्या, पण हसल्या नाहीत.

दोनदा सगळं ठीक आलं. तिसऱ्या वेळी त्यांनी किंचित आधी दाबलं. त्यांच्या पडद्यावर माझा रुग्ण आला. लॉगमध्येही त्यांच्या काउंटरसमोर माझाच नंबर!

आत येणारी प्रत्येक मागणी आधी फिल्टरकडे जाते. तो दारावरच्या माणसासारखा नंबर एका चिठ्ठीवर टिपून घेतो आणि मागणी पुढे सोडतो. पूर्वी प्रत्येक मागणीसाठी मी नवी चिठ्ठी बनवत असे. मागच्या महिन्यात एक जाडजूड पुस्तक वाचलं आणि आपण मागे पडलो असं वाटून ते बदललं. त्यातल्या डिपेंडन्सी इंजेक्शन नावाच्या पद्धतीत चिठ्ठी आपण बनवायची नसते; फ्रेमवर्क, म्हणजे ज्यावर प्रोग्रॅम उभा असतो तो तयार सांगाडा, ती आणून देतं. पण ते एकच चिठ्ठी बनवतं आणि सगळ्यांना तीच देतं. प्रत्येक मागणीला वेगळी हवी असेल तर तसं एका ओळीत सांगावं लागतं. ती ओळ मी लिहिली नव्हती. रिपोर्ट तयार व्हायला चार सेकंद लागतात. तेवढ्यात दुसऱ्या काउंटरचा नंबर त्याच चिठ्ठीवर चढायचा. लॉगही शेवटी तीच चिठ्ठी वाचायचा.

"चूक माझी आहे," मी म्हणालो.

"मला त्यातलं कळत नाही. माझी नाही ना?"

"नाही."

त्यांनी पडद्यावरच्या नंबरवर बोट ठेवलं. "सोमवारी एकदा मला विचारायचंत, काका. वीस पावलांवर तर बसते मी."

मी ती ओळ लिहिली. आम्ही चाळीस वेळा एकदम बटण दाबून पाहिलं, मोजायला त्याच होत्या; एकदाही चुकलं नाही. मग चूक माझी होती असं नवं पत्र लिहून मी साहेबांकडे गेलो.

"'तांत्रिक कारण' म्हणा ना," साहेब म्हणाले. "या वयात कशाला अंगावर घेता?"

"आधीच्या पत्रात मी त्यांचं नाव घातलं होतं."

"मग तुमचं कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू ठेवणं मला अवघड जाईल. आधीच सांगतो."

"बरं," मी म्हणालो. चार वाजताचं पत्र थांबल्याची खात्री करून मी नवं पत्र घेऊन जिना उतरलो.

बाईंनी पत्र उभ्यानेच दोनदा वाचलं.

"याची एक झेरॉक्स मिळेल? घरी दाखवायचीय."

"घरी?"

"आमचे हे म्हणाले, मशीन कशाला खोटं बोलेल."

झेरॉक्स न काढता मी दुसरी प्रत छापली आणि तिच्यावर सही केली. शाई वाळेपर्यंत त्या थांबल्या. मग रुग्णांना देतात तसल्या रिपोर्टच्या पाकिटात त्यांनी ती घातली आणि सवयीने पाकिटावर नाव लिहिलं. स्वतःचं. काउंटरसमोर पाच-सहा माणसं ताटकळत होती. पाकीट खणात ठेवून त्यांनी पहिल्या माणसाला नंबर विचारला.