महाराजांनी बुडवलेला तास

कसबा बावड्यात झुंबरबाईंच्या गोठ्यामागं देव निघाला, ही बातमी सकाळचं दूध डेअरीत पोचायच्या आत गावभर झाली. दुपारी नारळवाला आला, संध्याकाळी भेळेच्या दोन गाड्या लागल्या आणि दुसऱ्या दिवशी चपला सांभाळणाऱ्यानं चटई टाकली. चपलावाला बसला की देव पक्का झाला असं समजावं. तो धंद्याचा माणूस, कच्च्या देवापुढं बसत नाही.

देव वीतभर उंच. अंगावर शेंदूर असा जाड, की खाली दगड आहे का साबणाची वडी, कळू नये. शेंदरात रुतवलेले चांदीचे डोळे. कमरेखाली झेंडूची रास. आणि दोन हात, एक वर, एक खाली. हे हात थेट कानांच्या जागेवरून निघाले होते.

"महाराज, देवाला खांदं कसं न्हाईत?" एका म्हातारीनं विचारलं.

"आज्जी, खांदं वजं वाहणाऱ्याला लागत्यात. देव कुणाचं वजं वाहतोय?" भूगर्भनाथ महाराज म्हणाले. "एक हात सर्गाकडं, एक पाताळाकडं. मधी तुमी-आमी. हा पाताळेश्वर हाय!"

गर्दीनं गजर केला. म्हातारीनं खांद्यांचा प्रश्न मागं घेतला आणि अकरा रुपये पुढं केले.

भूगर्भनाथ महाराजांचं पाळण्यातलं नाव सम्राट. आधी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत होते. तिथली उष्णता सोसवेना म्हणून बोअरसाठी पाणी दाखवायला लागले. तळहातावर आडवा नारळ धरून शेतातून चालायचं. नारळ उभा राहिला की खाली पाणी. बोअर कोरडी गेली तर म्हणायचे, "पाणी हुतं. तुमी मशीन आणायला उशीर केला."

आता नारळाखाली पाण्याऐवजी देव लागला होता, आणि महाराजांच्या सामानात भर पडली होती. आशीर्वादाला मोरपीस नव्हतं. दोन इंची रंगाचा ब्रश होता, त्यानं ते भक्तांची पाठ झाडायचे. कमरेला गवंड्याची थापी. मांडवात देवाच्या डोक्यावर लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र टांगलेलं: 'पुरातत्त्व कार्यशाळेत उत्साहाने सहभाग घेतल्याबद्दल.'

"कार्बन डेटिंगला लोकं परदेशात माती पाठिवत्यात," महाराज सांगत होते. चिमूटभर माती नाकाशी धरून त्यांनी डोळे मिटले. "मी हितंच करतो. हा वास... सातवाहनांच्या आदल्या पिढीचा हाय."

माझ्या शेजारच्या पोरानं मोबाइलवर रील काढता काढता चिमूटभर माती स्वतःही हुंगली. "मला तर शेणाचा वास यायलाय."

"सातवाहनांच्याकडं म्हशी नव्हत्या व्हय रं?" मागून कुणीतरी दटावलं. मुद्दा बिनतोड होता.

हे सगळं मी प्रसादाची भेळ मानून खाल्लं असतं. पण महाराजांनी देवाची इच्छा जाहीर केली. पाताळेश्वराला देऊळ हवं होतं, आणि ते बरोब्बर झुंबरबाईंच्या गोठ्याच्या जागी. रविवारी भूमिपूजन, त्याआधी गोठा मोकळा पाहिजे.

झुंबरबाई म्हणजे साठीची विधवा बाई, तीन म्हशी आणि तोंड एवढ्या भांडवलावर घर चालवणारी. पहिल्या दिवशी त्या महाराजांवर धावून गेल्या. "गोठा काढून म्हशी काय माज्या डोक्यावर बांधू?" तेव्हा महाराजांनी ब्रशानं गोठ्याकडं दाखवलं. "तुमची चंद्री म्हस दूध द्यायची बंद झालीया. व्हय का न्हाय?"

"ती गाभण हाय! आटणारच की!"

"गाभण हाय म्हणून आटली, का देव कोपला म्हणून आटली, ते देवाला इचारा. हट्ट केलासा तर बाकीच्या दोनबी जातील."

दुधावर पोट असलेल्या माणसाला हे वाक्य ऐकवून बघा. संध्याकाळी झुंबरबाई देवापुढं उदबत्ती लावत होत्या.

चमत्कार झाला की मी देवाकडं नंतर बघतो, आधी रस्त्याकडं बघतो. गोठ्याच्या मागं झुंबरबाईंच्या दिराचा, बाळासोचा प्लॉट. आजूबाजूला अपार्टमेंट उठली, याचा प्लॉट तसाच, कारण तिथं जायला वाट नाही. वाटेत भावजयीचा गोठा. देऊळ झालं की गोठा जाणार, आणि देवळाला रस्ता लागणारच. तोट्याला झुंबरबाई, नफ्याला बाळासो. मांडवाचा खर्च कोण करत होतं, हे मी सांगायला नको.

आता ते प्रमाणपत्र. मागच्या उन्हाळ्यात आमच्या वाचनालयानं पुरातत्त्वावर दोन व्याख्यानं आणि दोन दिवसांची कार्यशाळा ठेवली होती. शिकवायला पूर्णिमा मॅडम. आवाज मऊ, पण पाट्यावर वरवंटा फिरावा तसा थांबत नाही. खऱ्या जागी आम्हाला कोण खणू देणार? म्हणून झुंबरबाईंनी गोठ्यामागचा कोपरा दिला. आम्ही मातीच्या वस्तू केल्या, मॅडमनी त्या कुंभाराच्या भट्टीत भाजून आणल्या, एका खड्ड्यात पुरल्या, आणि मग खड्ड्याचे चौकोन आपापसात वाटून घेऊन आम्हीच त्या थर उलगडत, ब्रशानं झाडत शोधून काढल्या. मी केलेली घागर वर आली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "छान पणती आहे." झुंबरबाईंनीही हौसेनं म्हैस केली होती, ती काही मिळाली नाही. "माजी म्हस गिळली की ओ बाई तुमच्या खड्ड्यानं!" म्हणून त्यांनी मॅडमना दोन दिवस चिडवलं.

सम्राटराव कार्यशाळेत पहिल्या रांगेत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रमाणपत्र आणि बटाटेवडा मिळाल्यावर ते निघून गेले. बरेचजण गेले. शेवटच्या तासाला आम्ही सात-आठ जण राहिलो.

त्या तासाचा विषय होता खड्डा बुजवणं. "खणून झालं की तळाला प्लॅस्टिक अंथरायचं," मॅडम म्हणाल्या, "त्यावर चालू वर्षाचं नाणं ठेवायचं आणि मग माती लोटायची. पुढं कधी कुणी खणलं, तर त्याला कळतं की इथपर्यंत माणूस येऊन गेलाय." झुंबरबाईंनी गोठ्यातलं गोळी पेंडीचं निळं पोतं फाडून दिलं. नाणं मी दिलं, दहाचं. आमच्याकडं दुकानदार दहाचं नाणं घेत नाहीत, सरकार कितीही सांगो. तेव्हा बाजारात न चालणारी वस्तू मी विज्ञानाला दान केली.

म्हणून देव निघाल्यावर मी झुंबरबाईंना बाजूला घेतलं. "काकी, तिथं खाली आपलं पोतं हाय."

"हाय की. मीच दिलोय." इकडच्या बायका पुरुषासारखंच बोलतात.

"मग देव पोत्याच्या वर निघाला का खाली?"

त्यांनी जरा विचार केला. "देवाला पोत्याचं काय कौतिक? तो पोत्यातनंबी येईल."

मी पूर्णिमा मॅडमना फोन केला.

मॅडम रविवारी आल्या त्या थेट महाराजांसमोर जाऊन बसल्या. महाराज आधी दचकले. पण मॅडम एवढंच म्हणाल्या, "माझा विद्यार्थी एवढा मोठा झाला. भूमिपूजनाआधी चार शब्द बोलू का?" महाराज फुलले. गुरूच प्रशस्ती द्यायला आली म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? बाळासोनं स्वतः माइक आणून दिला.

"महाराज, एक शंका," मॅडम माइकवरून म्हणाल्या. "तिथं तर आम्ही खणलं होतं. आम्हाला देव कसा दिसला नाही?"

"तुमी चार बोटं आधी थांबलासा!" महाराजांनी गर्दीकडं बघून ब्रश उंचावला. "जितं विज्ञान थांबतंय, तितनं देव सुरू हुतोय!"

टाळ्या पडल्या.

"म्हणजे देव आमच्या खड्ड्याच्या तळाखाली होता?"

"खाली म्हंजे, खालीच! तितल्या मातीला माणसाचं नखबी लागलेलं न्हाय. सत्ययुगापासनं!"

"नक्की?"

महाराजांनी तळहातावर नारळ घेतला. तो हलला, डुलला आणि शेंडी वर करून उभा राहिला. "नारळ सांगतोय नक्की."

"मग पायाचा खड्डा देव निघाला तिथंच घेऊ," मॅडम म्हणाल्या. "नाहीतरी आज कुदळ मारायचीच आहे. पण कुदळ नको, आपण थरानं खणू. कोण येतंय?"

बावड्यात फुकटात काही करायचं म्हटल्यावर माणसं मागं राहत नाहीत. पंधरा-वीस हात थापी, खुरपं, उलथनं घेऊन बसले. मॅडम एकेक थर दाखवत होत्या. "ही माती बघा, कशी कालवलेली आहे. विटेचा चुरा, बिस्किटाचा कागद..."

"सत्ययुगातलं बिस्किट दिसतंय," मघाचं रीलवालं पोरगं म्हणालं.

"आता बास करा," महाराज म्हणाले. "देवाची झोपमोड हुईल."

"देव तर मांडवात बसलाय की," एक बाई म्हणाली आणि खुरपं मारत राहिली. देव निघाला होता त्या भोकाचा तळ लागला. त्याखाली आणखी वीतभर गेल्यावर खुरपं सरकलं. निळं पोतं. चारी बाजूंनी नीट अंथरलेलं, अख्खं, 'गोळी पेंड' ही अक्षरं वर. मधोमध माझं दहाचं नाणं.

मॅडमनी पोतं आणि नाणं समजावून सांगितलं. "हा आमच्या खड्ड्याचा तळ. देव याच्या वर होता. म्हणजे आम्ही खड्डा बुजवून गेल्यावर कुणीतरी भुसभुशीत मातीत तो पुरला. माणसाचं नख लागलं आहे महाराज, आणि तेही मागच्या वर्षी."

भेळवाल्यानं हातातलं उलथनं खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं. मी माझं नाणं उचलून घेतलं.

महाराजांनी दोन्ही हात आकाशाकडं नेले. "बगा! डोळं उगडून बगा! पोत्याला भोक हाय का?"

सगळे वाकले. भोक नव्हतं.

"पाताळातनं देव वर आला, पण गरीब बाईच्या पोत्याला भोकसुदीक पाडला न्हाय! एवढा दयाळू देव कुठं बगितलासा?"

मांडव दणाणला. शंख वाजला. म्हातारीनं पोत्याला हळदीकुंकू लावलं. "तुकडा द्या की, देव्हाऱ्यात ठेवतो," म्हणून दोघी पोतं ओढायला लागल्या. आमचा पुरावा डोळ्यांदेखत प्रसाद होऊन वाटला जात होता. मॅडमनी माइक खाली ठेवला.

बाळासो पुढं झाला. "वैनी, आता तरी मन मोठं करा. देवाला तेल घाला आन् गोठ्यावर पैली कुदळ तुमीच मारा."

झुंबरबाई उठल्या. त्यांनी एकदा गोठ्याकडं बघितलं, पदर खोचला, आणि तेलाची वाटी घेऊन देवापुढं बसल्या. तेल ओतलं. पण आयुष्यभर म्हशी धुतलेला हात नुसतं ओतून थांबत नाही, तो चोळतो. त्या चोळायला लागल्या. तेलानं शेंदूर सुटायला लागला. एक चांदीचा डोळा घरंगळला.

"काकी, हळू..." महाराज म्हणाले.

झुंबरबाईंचा अंगठा देवाच्या पाठीवर थांबला. तिथं एक खळगा होता, आणि अंगठा त्यात बाटलीला बूच बसावं तसा बसला. त्यांनी झेंडूची रास बाजूला सारली. देवाला चार पाय होते. त्यांनी वरचा हात पदरानं पुसला, मग खालचा पुसला.

"आत्ता गं बया," त्या म्हणाल्या. "ही तर माजी चंद्री."

"कोण?" मॅडमनी विचारलं.

"माजी म्हस ओ, खड्ड्यानं गिळलेली! हे बगा, पाठीवर माजाच अंगठा हाय. आन् हे शिंग वर, हे खाली." मग त्या गोठ्याकडं तोंड करून ओरडल्या, "चंद्रेऽऽ!"

गोठ्यातून चंद्रीनं मान बाहेर काढली आणि हंबरली. तीन-चारशे माणसांनी एकदम मागं वळून बघितलं. एक शिंग स्वर्गाकडं, एक पाताळाकडं. मधी तुमी-आमी.

पहिल्यांदा हसली ती खांद्यांचा प्रश्न विचारणारी म्हातारी. नंतर कुणालाच आवरलं नाही.

"माजीच म्हस मला गोठ्यातनं भाईर काडाय लागली व्हय रं?" झुंबरबाई तेलकट हातांनी महाराजांकडं निघाल्या. "हिच्याच नावानं हिचं दूध आटिवतोस?"

"सम्राट," मॅडम म्हणाल्या, "तुझ्या चौकोनात काहीच सापडलं नाही म्हणाला होतास."

 म्हैस कार्यशाळेच्याच दिवशी महाराजांच्या पिशवीतून गेली होती आणि नंतर मऊ मातीत परत आली होती. खाली पोतं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण तेव्हा ते बटाटेवडा खाऊन घरी पोचले होते. बाळासो म्हणाला, "मीबी फसलोय," आणि माइकची वायर गुंडाळायला लागला.

मॅडमनी मग राहिलेलं व्याख्यान नारळावर घेतलं. आडवा नारळ सपाट हातावर मुळातच डळमळीत असतो. बोटं नकळत जरा कलली की उभा राहतो. मांडवातले नारळ वाटले आणि सगळ्यांना धरायला लावले. माझा नारळ माझ्याच चपलांवर उभा राहिला.

कुणी पोलिसांना बोलवा म्हणालं. झुंबरबाई म्हणाल्या, "ते मागनं बगू. आदी माजा खड्डा बुजवू दे त्येला. आन् बाई, ह्या बारीला ह्येला शेवटपतूर बसवा."

तर महाराजांनी गोठ्यातलं दुसरं पोतं आणून अंथरलं. या वर्षाचं नाणं स्वतःच्या खिशातून ठेवलं. ब्रश खोचून, थापीनं माती लोटली. मॅडम कडेला उभ्या राहून शेवटचा तास पुन्हा शिकवत होत्या आणि चंद्री रवंथ करत बघत होती.

देव निघाला असं कानावर आलं तर खुशाल जा, नमस्कार करा, भेळ खा. पण कुणाचा गोठा, कुणाचं शेत, कुणाचं औषधपाणी त्या देवाच्या नावानं बंद पडत असेल, तर आधी विचारा की फायदा कुणाचा, आणि देवाच्या खाली वीतभर खणून बघितलंय का. खणू देत नसतील तर उत्तर तिथंच मिळालं. खणल्यावर पोतं निघालं तरी लोक टाळ्या वाजवतील, ते मी बघितलंय. तेव्हा टाळ्यांना घाबरू नका. वाटीभर तेल घ्या आणि स्वतःच्या हातानं चोळून बघा.