बुगडीचा रंग

कार्तिकातली सकाळ! सोनसळी, धुकेभरली, गारठ्याने अंग चोरणारी सकाळ! खाडीवर कोवळे ऊन, माडांवर कोवळे ऊन, अन् गंगारामच्या काचभट्टीत रसरसलेला, ज्वालाजिव्ह अग्नी.

भट्टीपुढे त्याची बहीण द्वारका उभी होती. देवळाची झाडलोट करणारी गुरवीण. गेल्या आठवड्यात देवापुढे टांगायची लाल काचेची दिव्याची हंडी तिच्याच हातून निसटली अन् शकले शकले झाली. कुणी रागे भरले नाही. म्हणून तिला जास्तच रडू येई. उद्या त्रिपुरी पौर्णिमा. उद्या दीपमाळ उजळणार, अन् देवापुढची साखळी रिकामी?

दादाने नवी हंडी फुंकली होती खरी. पण काय बाई ही हंडी! पाण्यासारखी निरंग, निस्तेज.

"दादा, लाल कुठाय रे? माझी बुगडी घातलीस ना हिच्यात?"

"घातली गो बाय, तेजाबात विरवून घातली. सोनं आत लपलंय. पुन्हा ताव दिला की कण कणाला भेटेल, इवले इवले स्फटिक होतील, अन् रंग वर येईल. कमी ताव तर फिकट, जास्त झाला तर काळपट मातेरं. माझे डोळे या आगीनं खाल्ले. कधी थांबायचं ते तू सांग."

"मी? फोडली तीच मी!"

"अन् रोज सांजेला पुसायची कोण? तो लाल तुझ्याइतका कुणी पाहिलाय?"

दांडीच्या टोकावरची हंडी आगीत गेली. उजेडात आली. निरंग! पुन्हा आगीत, पुन्हा उजेडात. अजून निरंग! द्वारकेने पदर दातांत धरला.

अन् अहाहा! तळाशी गुलाबी चाहूल! गुलाबी चढली, काठाला भिडली. गुलाबीचे डाळिंब झाले, डाळिंबाचे कुंकू. चढ रे रंगा, चढ! सुवर्णजात, अग्निस्नात, आरक्त रंगा, चढ!

"काय देखणी झाली गो! काढू?"

मोह पडावा असाच तो लाल होता. पण द्वारकेने मान हलवली. "अजून. आपली याहून गहिरी होती."

हंडी पुन्हा आगीत गेली. पुन्हा उजेडात आली. द्वारका पुढे वाकली.

"पुरे! दादा, पुरे! हीच ती!"

ती हसत होती, रडत होती, टाळ्या पिटत होती. दादाने हंडी उबदार कोठीत हळूहळू निवायला ठेवली.

दुसऱ्या सांजेला घंटा घणघणल्या, हंडीत ज्योत लागली. गाभाऱ्यापुढे लाल उजेड सांडला; खांबांवर सांडला, माणसांवर सांडला, अन् मागे, दाराशी उभ्या द्वारकेच्या मोकळ्या कानावर, जिथे बुगडी होती तिथे, अलगद येऊन बसला.